आमची कोठेही शाखा नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पुण्यात एकेकाळी दर चार दुकानांमागे एका दुकानावर पाटी असायची, 'आमची कोठेही शाखा नाही'. बाहेरगावचे लोक हसतात त्याला, पुणेकरांचा माज म्हणतात, थोडा होताही. पण त्या पाटीत एक सरळ व्यवहार होता, की माल इथेच होतो, करणारा माणूस इथेच गल्ल्यावर बसलाय, काही बिघडलं तर त्याच्याच टेबलावर आणून आपटा. आता दिवस उलटे आलेत. ज्याची शाखा नाही तो मागासलेला, आणि शाखाही साधीसुधी नको, परदेशी विद्यापीठाची हवी.

तळजाईच्या टेकडीवर सकाळी आमचा सात-आठ निवृत्तांचा घोळका असतो, तिथे सध्या हाच विषय चालूय. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढले, परदेशी विद्यापीठांना इथे कॅम्पस काढायला दार उघडलं. गांधीनगरजवळ गिफ्ट सिटीत तिथल्या वेगळ्या नियमांखाली ऑस्ट्रेलियाची डीकिन आणि वोलोंगॉंग आली, गुरुग्रामला ब्रिटनचं साउदॅम्प्टन आलं, २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत यॉर्क, ॲबरडीन वगैरे पाच जणांना इरादापत्रं वाटली, नवी मुंबईत म्हणे एज्युकेशन सिटी होणार. हे सगळं इंजिनिअरिंग, डेटा, बिझनेस, डिझाइन असलं काहीतरी. यावर आमच्यातले एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ परवा म्हणाले, मग मेडिकल का नाही, आणि पुण्यात का नाही, मुळशीकडे एवढी जागा पडलीय, आणा एखादं अमेरिकन मेडिकल कॉलेज, आपली पोरं रशिया-युक्रेन करत हिंडतात ते तरी थांबेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्यात असंच असतं, आधी मुळशीत जागा बघायची आणि विषय नंतर ठरवायचा.

मी तेव्हा गप्प बसलो, कारण चढ होता आणि मला दम लागला होता. म्हणून हे पत्र.

आधी माझी लायकी सांगतो. मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात विद्यार्थी विभागात २८ वर्षं नोकरी केली, कारकून म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून सुटलो. ॲडमिशनचे फॉर्म, बोनाफाइड, इन्स्पेक्शनच्या फायली यातच केस पांढरे झाले. आमची सौ. सरकारी हॉस्पिटलात ३१ वर्षं सिस्टर होती. म्हणजे आमच्या घरात मेडिकल कॉलेजचा कागद मला कळतो आणि पेशंट तिला कळतो.

विषय डोक्यात शिरला तो भाचीमुळे. तिच्या मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडले. २०२४ च्या नीटला देशभरातून तेवीस लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, तेव्हा कमी पडले यात त्या पोरीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सरकारीत नंबर नाही, डीम्डमध्ये, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठात, वर्षाला वीस-पंचवीस लाख, ते भाचीच्या आवाक्यात नाही. मग कुणीतरी सांगितलं की जंगली महाराज रोडला एका हॉटेलात सेमिनार आहे, परदेशी मेडिकलचा, फुकट आहे, चहा-समोसा आहे. भाची म्हणाली मामा तुम्ही चला, तुम्हाला यातलं कळतं.

गेलो. हॉल भरलेला, सगळे आईबाप वही-पेन घेऊन बसलेले, मुलं मोबाईलवर. टाय लावलेला एक तरतरीत मुलगा स्क्रीनवर एकेक दाखवत होता. एका ब्रिटिश विद्यापीठाची आशियातली शाखा, डिग्री ब्रिटनची, खर्च ब्रिटनच्या निम्मा, हवा आपल्यासारखी, इंडियन मेस. मग हॉस्टेल. मग स्विमिंग पूल, तो तीन वेळा तीन बाजूंनी. जिम. लायब्ररीत हसणाऱ्या मुली. अर्धा तास झाला तरी त्या सगळ्या फोटोंत एक आजारी माणूस दिसला नाही हो! मी हात वर केला, विचारलं हॉस्पिटल कोणतं, किती बेडचं? तो म्हणाला, काका, हॉस्पिटलचं टायअप आहे. मी म्हटलं कुणाशी? म्हणाला, टॉप हॉस्पिटल्सशी. मी म्हटलं नाव सांगा. तो म्हणाला ब्रोशरमध्ये आहे. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल होता.

दुसरा प्रश्न मी खास कारकुनी विचारला. एनएमसीचा, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, २०२१ चा नियम आहे, बाहेरून डॉक्टर होऊन येणाऱ्यांसाठी. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा हवा, वर त्याच परदेशी संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, शिकवणं इंग्रजीतून, आणि जिथली डिग्री त्या देशात त्या देशाच्या नागरिकाइतकंच प्रॅक्टिसचं लायसन मिळायला हवं, मग इथे येऊन परीक्षा, ३०० पैकी १५० मिळवायचे, आणि त्या परीक्षेत बऱ्याच खेपेला चारातला एक जेमतेम पास होतो. आता डिग्री ब्रिटनची, शिकली तिसऱ्याच देशात, तर लायसनच्या बाबतीत 'तो देश' कुठला धरायचा? लेखी द्याल का? यावर तो मुलगा म्हणाला, काका, नंतर पर्सनली बोलू. नंतर तो दिसलाच नाही. समोसा बरा होता.

त्या पोराचा राग नाही मला, त्याला पगार स्विमिंग पूल दाखवायचाच मिळत असेल. पण आमच्या तळजाईच्या मंडळींचं आणि त्याचं एक दुखणं सारखंच आहे, मेडिकल कॉलेज म्हणजे इमारत आणि नाव असं दोघांना वाटतं. एमबीएची शाखा चार मजले भाड्याने घेऊन, प्रोजेक्टर लावून सोमवारी सुरू करता येते. मेडिकलला आजारी माणसं लागतात, रोज लागतात, हजारांनी लागतात, आणि ती लंडनहून किंवा बॉस्टनहून पाठवता येत नाहीत. प्रोफेसर विमानाने येतील, अभ्यासक्रम ईमेलने येईल, मायक्रोस्कोप कंटेनरमधून येतील. पण ज्याच्या पोटावर हात ठेवून मुलगा लिव्हर चाचपायला शिकणार तो माणूस मुळशीचा, दौंडचा, येरवड्याचाच असणार.

आपल्या गावात तर हे क्रमानंच दिसतं. ससून १८६७ ला उभं राहिलं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. आधी हॉस्पिटल, मग त्याच्या अंगाने मेडिकल स्कूल, आणि बीजे मेडिकल कॉलेज झालं ते १९४६ साली. परवा परवा, २०२२ ला महापालिकेनं स्वतःचं मेडिकल कॉलेज काढलं १०० जागांचं, तेही मंगळवार पेठेत कमला नेहरू हॉस्पिटल आधीपासून होतं म्हणूनच. आजही नियम आहे की शंभर जागांना चारशेच्या वर बेडचं चालतं हॉस्पिटल लागतं. चालतं म्हणजे बेडवर माणूस हवा, नुसती चादर चालत नाही.

बाहेर काय झालं तेही बघा, कारण हा प्रयोग काही नवीन नाही. सगळ्यात मोठं नाव कतारचं. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठानं २००१ ला करार करून दोह्याच्या एज्युकेशन सिटीत मेडिकल कॉलेज काढलं, सहा वर्षांचा कोर्स, पहिली दोन प्रीमेडिकल आणि पुढची चार मेडिकल, डॉक्टरांची पहिली बॅच २००८ ला बाहेर पडली. चांगलं चाललंय, नावं ठेवायला जागा नाही. पण पैसा कतार फाउंडेशनचा, आणि पेशंट हमद मेडिकल कॉर्पोरेशनचे, म्हणजे कतारच्या सरकारी हॉस्पिटलांचे. कॉर्नेलनं काय आणलं तर शिकवणं, परीक्षा आणि डिग्री. ही काही छोटी गोष्ट नाही, मी मानतो, पण बाकी सगळं यजमानाचं. आणि त्याच एज्युकेशन सिटीत शेजारी टेक्सास ए अँड एमची इंजिनिअरिंगची शाखा होती, २००३ पासूनची, २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडे टेक्सासमध्ये बोर्डाची मीटिंग झाली आणि ठरलं की २०२८ पर्यंत बंद. दोह्यातल्या पोरांना आणि मास्तरांना कुणी विचारून ठरवलं असेल असं वाटत नाही. शाखेचं हेच असतं, फांदीचा निर्णय खोडाजवळ होतो.

मलेशियानं तर हा धंदा आपल्या आधी कितीतरी करून बघितलाय. जोहोरला ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज आहे, २०११ पासून कॅम्पस चालू, ऑस्ट्रेलियाच्या मोनाशचं आहे, पेनांगला आयर्लंडवाल्यांचं १९९६ पासून आहे, आणि अहो आपल्या मणिपालनंसुद्धा १९९७ ला मलाक्कात काढलं, मुलं अर्धा कोर्स इथे कर्नाटकात शिकायची आणि वॉर्डात हिंडायला मलाक्काला जायची. त्याआधी पोखऱ्याला नेपाळात. म्हणजे शाखा काढायची विद्या आपल्यालाही येते, फक्त तेव्हा आपण पाहुणे होतो. न्यूकॅसलची जोहोरची पोरं वॉर्ड करायला जातात तीही मलेशियाच्या सरकारी हॉस्पिटलातच. आणि त्याच मलेशियात जॉन्स हॉपकिन्सचं नाव लावून २०११ ला एक मेडिकल स्कूल सुरू झालं, पेर्दाना विद्यापीठात, आणि २०१४ ला हॉपकिन्स त्यातून बाहेर पडलं. चार वर्षांचा कोर्स, तीन वर्षांत नाव गेलं. कॉलेज पुढे चाललं, पण ज्यानं हॉपकिन्स वाचून ॲडमिशन घेतली त्याच्या आईबापांनी त्या रात्री काय केलं असेल ते मी माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या आईबापांवरून सांगू शकतो.

माल्टाची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. गोझो म्हणून त्यांचं छोटं बेट आहे, तिथे २०१७ ला लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठानं, म्हणजे बार्ट्स या जुन्या हॉस्पिटलवाल्यांनी, एमबीबीएसची शाखा काढली. शिकवणी चांगली, नाव जुनं. पण ज्या गोझो जनरल हॉस्पिटलच्या आधारानं हे सगळं बसवलं ते हॉस्पिटल सरकारनं आणखी दोन हॉस्पिटलांसकट एका खासगी कंपनीला चालवायला दिलेलं, ती कंपनी गेली, दुसरी आली, आणि शेवटी २०२३ ला कोर्टानं तो करारच रद्द केला. विद्यापीठाची त्यात काही चूक नाही. पण हॉस्पिटलचा कागद कच्चा असेल तर वरच्या डिग्रीला सोन्याचं पाणी दिलेलं असलं तरी पायाखालची जमीन हलतेच.

एक नीट केलेलं उदाहरणही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता कुरकुरतो. सिंगापूरनं २००५ ला अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाशी करार केला, पण ड्यूकची शाखा म्हणून नाही, स्वतःच्या राष्ट्रीय विद्यापीठाबरोबर जोडून, डिग्रीवर दोघांचं नाव. जागा निवडली ती सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या आवारात. समुद्रकिनारी नाही, टेकडीवर नाही, देशातल्या जुन्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला चिकटून. मुळशीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता मला कुणी म्हणेल की आपलं तरी काय असं सोवळं आहे. बरोबर आहे, ते मी आतून बघितलंय. मी होतो त्या कॉलेजात इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी वॉर्ड भरायचे. आसपासच्या गावांत मोफत शिबिराच्या पाट्या लागायच्या, टेम्पो जायचे, आज्ज्या-आजोबा दोन दिवस गादीवर झोपायचे, नाश्ता-जेवण मिळायचं, त्यांना वाटायचं डॉक्टर लोक किती चांगले. एक आजी मला म्हणाल्या होत्या, पोरा, मला काय झालंय ते अजून कुणी सांगितलं नाही, पण सगळे फार मान देतात. इन्स्पेक्शनला म्हणून येणारे प्रोफेसरही होते, त्यांची नावं मला पाठ होती पण तोंडं नाही. रजिस्टर मीच पुढे करायचो. तेव्हा बोललो नाही, नोकरी होती, दोन पोरं शिकत होती, त्याची लाज आहेच. म्हणून तर सांगतोय की मेडिकल कॉलेज कुठे खोटं पडतं ते मला माहितीय. ते नेहमी वॉर्डात खोटं पडतं, लेक्चर हॉलमध्ये नाही. परदेशी नाव आलं म्हणून वॉर्ड आपोआप खरा होत नाही.

मग उद्या खरंच एखादं परदेशी मेडिकल कॉलेज पुण्यात यायचं म्हटलं तर त्यांच्यापुढे दोनच वाटा दिसतात मला. एक म्हणजे स्वतःचं हॉस्पिटल बांधा, ते भरेपर्यंत पाच-सात वर्षं कळ काढा, आणि गरीब माणूस पायरी चढेल असे दर ठेवा, कारण कॅशलेस कार्डवाला एसी रूममधला पेशंट दहा पोरांना पोट चाचपू देत नाही, तो मॅनेजरला फोन लावतो. दुसरी वाट सोपी, सरकारी हॉस्पिटलशी टायअप. आणि मला भीती या दुसऱ्या वाटेची आहे. यूजीसीच्या नियमात परदेशी विद्यापीठानं फी किती घ्यायची ते त्यांनीच ठरवायचं असं आहे. एमबीबीएस म्हटलं की नीट आणि एनएमसी आडवी येणारच, ते ठीक, पण फीचा आकडा काही दौंडच्या शेतकऱ्याच्या पोराला झेपणारा नसणार. म्हणजे शेतकऱ्याच्या आईच्या पोटावर हात ठेवून कुणाचं तरी पोर परदेशी डिग्री घेणार आणि डिग्री घेऊन बाहेर जाणार. यात वाईट काही नाही म्हणा, आमच्या कॉलेजातलेही कितीतरी गेले. पण त्या आईच्या वॉर्डाला त्यातून काय मिळणार? दोन सिस्टर जास्त मिळणार का, एक सीटी स्कॅन चालू स्थितीत मिळणार का, रात्री एक सीनिअर डॉक्टर जागा मिळणार का? आमच्या सौ.चं म्हणणं, वॉर्डात पोरं वाढली की पेशंटचं वाढतं ते फक्त प्रश्नांना उत्तरं देणं. एकच हिस्टरी सकाळपासून सहा जण विचारतात, सातव्याला पेशंट सांगतो सिस्टरला विचारा.

भाषेचं तर कुणी नावच काढत नाही. शिकवणं इंग्रजीत, मान्य. पण ओपीडीत बाई येते ती काय म्हणते? अंगावरून जातंय. पोटात गुबारा धरलाय. हातपाय गळाले. डोळ्यापुढे अंधारी येते. सौ. सांगते, पन्नाशीचा माणूस घाम पुसत आला आणि नुसतं 'कसंतरीच होतंय' म्हणाला की तिचे हात आधी ईसीजीच्या मशीनकडे जायचे, बाकी नाव-गाव नंतर. आता 'कसंतरीच' या शब्दाला परदेशी पाठ्यपुस्तकात चॅप्टर नाही. एनएमसीनं २०२२ पासून एमबीबीएसच्या पोरांना खेड्यातली कुटुंबं दत्तक द्यायला सुरुवात केली, त्यांच्या घरी जायचं, बीपी-साखर बघायची, बोलायचं. परदेशी शाखेची पोरं हे कुठल्या भाषेत करणार? उद्घाटनाच्या भाषणात आनंदीबाई जोशींचं नाव येणारच, पैज लावा, १८८३ ला गेल्या, १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हे सगळे सांगतील. पण तिकडे बसून त्या बाईंनी प्रबंध लिहिला तो इकडच्या हिंदू बायकांच्या बाळंतपणावर, आणि नेमणूक स्वीकारली ती कोल्हापूरच्या हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या वॉर्डची, हे भाषणात येत नाही.

माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. या की. शिकवायची पद्धत त्यांची आपल्यापेक्षा चांगली आहे, पोरांना प्रश्न विचारू देतात, परीक्षेत पाठांतर कमी, पेशंटशी कसं बोलावं याचे मार्क असतात, हे आपल्याकडे आलं तर मला आनंदच आहे. फक्त एवढंच मागणं आहे की करार पेपरमध्ये छापा, आणि तुमच्या वार्ताहरांनी पहिल्या दिवशी कुलगुरूंचा फोटो काढायच्या आधी करारातलं हॉस्पिटलचं पान मागून घ्यावं. हॉस्पिटल कुणाचं, बेड किती, तिथल्या आपल्या पोरांच्या म्हणजे सरकारी कॉलेजच्या पोरांच्या वाट्याचे पेशंट किती उरणार, वॉर्डाला दरवर्षी रोख काय मिळणार, आणि खोडाकडून बंद करायचं ठरलं तर तिसऱ्या वर्षातल्या मुलाला कुणी कुठे बसवायचं. यूजीसीच्या नियमात मूळ विद्यापीठानं पर्यायी सोय करावी असं आहे खरं, पण इंजिनिअरिंगच्या मुलाला दुसऱ्या वर्गात बसवणं वेगळं आणि मेडिकलच्या मुलाला दुसऱ्या वॉर्डात. युक्रेनहून २०२२ ला हजारोंनी पोरं परत आली तेव्हा आपण ते बघितलंय, पोरं घरात बसून ऑनलाइन क्लास करत होती आणि आईबाप दिल्लीला चकरा मारत होते. मोबाईलवर बघून कुणी बाळंतपण शिकत नाही.

भाचीच्या मुलीनं सध्या रिपीट करायचं ठरवलंय. टायवाल्या मुलाचे मेसेज तिला अजून येतात, आता दुसऱ्या देशातली शाखा निघालीय.

पत्र लांबलं, कात्री लावलीत तरी चालेल, पण हॉस्पिटलचा भाग ठेवा.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क,
सहकारनगर, पुणे

ता.क. पत्र टाकायच्या आधी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली बाकी ठीक आहे, पण बेड किती असं विचारू नका, ते कागदावर नेहमी बरोबर असतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत रात्री अकराला वॉर्डात जाऊन दोन बेडच्या मधे खाली किती गाद्या टाकल्यात ते मोजायला सांगा, आणि त्या पेशंटांच्या उशाशी अजून दहा पोरं उभी कुठे राहणार तेही.